वाळूचा झोत

मुरूडच्या पुळणीवर वैशाखातल्या दुपारी जो कोणी अनवाणी चालला असेल, त्याला वाऱ्याबरोबर धावणारी वाळू म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. पोटऱ्यांना ती सुयांसारखी टोचते, आणि घरी येऊन आंघोळ केली तरी कानांच्या पाळ्यांमागे दुसऱ्या दिवशीपर्यंत सापडते. समुद्राकाठच्या जुन्या घरांच्या तावदानांकडे पाहावे, तर वर्षानुवर्षांच्या ह्या माऱ्याने ती दुधाळ झालेली असतात. आम्हां कोंकणातल्या माणसांना ह्यात नवल असे कधी वाटले नाही. परंतु बेंजामिन टिल्घमन ह्या अमेरिकन गृहस्थाला, अशीच वाऱ्याने झिजलेली काच पाहून म्हणे, नवल वाटले. आणि १८७० साली त्याने हवेच्या अथवा वाफेच्या जोराने वाळूचा झोत सोडून दगड, काच व धातू कोरण्याघासण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. ज्या गोष्टीचा आम्ही पिढ्यान् पिढ्या नुसता त्रागा केला, तिच्यावर तिकडे एकाने कारखाना उभारला. आपल्या इतिहासाला हे धरूनच झाले म्हणावयाचे!

हा इतिहास वाचण्याची पाळी मजवर आली ती माझ्या वडिलांच्या जावा मोटारसायकलीमुळे. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. दापोलीत त्यांचा दवाखाना होता; पण त्यांचे पुष्कळसे रोगी दापोलीत नव्हतेच. ते हर्णै, आंजर्ले, पालगड अशा चोहीकडच्या गावांत विखुरलेले होते, आणि एस. टी.च्या वेळापत्रकाबरहुकूम आजारी पडण्याची शिस्त त्यांच्या अंगी नव्हती. म्हणून १९७१ साली अण्णांनी पुण्याहून ही गाडी आणली. जावा हे नाव झेकोस्लोव्हाकियातले. यानेचेक हा मालक आणि वाँडरर ही जर्मन गाडी, ह्या दोघांच्या नावांची पहिली दोन-दोन अक्षरे जोडून ते १९२९ साली तयार झाले. आपल्याकडे १९६१ पासून त्या गाड्या म्हैसूरला होऊ लागल्या, पुढे त्यांचेच नाव येझदी झाले, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. तांबड्या-काळसर रंगाची, टाकीच्या दोन्ही अंगांना चकचकीत क्रोम असलेली, आणि जिची किक मारावयाची दांडी तीच पुढे ढकलून गियर बदलावयाची अशी ती चमत्कारिक गाडी होती. अण्णा ती आंजर्ल्याच्या खाडीपाशी उभी करून तरीने पलीकडे जात. तिच्या दोन नळ्यांचा आवाज आसूदबागेच्या चढणीवर आला की आई भाताखालचा जाळ वाढवी.

पुढे स्कूटर आली आणि जावा गोठ्यात गेली. गोठ्यात गुरे नव्हती. तिच्या शेजारी एक मोडका नांगर, नारळाच्या सोडणांचा ढीग आणि दोन गळकी पिंपे एवढाच शेजार होता. अण्णा २००९ साली वारले. त्यानंतर मी गोणपाट बाजूला सारून तिच्याकडे पाहिले, आणि पुन्हा गोणपाट ओढून घेतले. हे मी वर्षातून एकदा तरी करीत असे. दापोलीपासून समुद्र दोन-अडीच कोसांवर आहे आणि गाव चांगले उंचावर आहे. पण खाऱ्या हवेला चढणीचा त्रास होत नाही. शिवाय चार महिन्यांचा तो पाऊस. आमच्या भागात लोखंडाने गंजू नये अशी अपेक्षा करणे हाच मुळी अन्याय आहे. ज्या जांभ्या दगडाची आमची घरे बांधलेली, त्याचा तांबडा रंग तरी कशाचा? त्यातल्या लोखंडाच्या गंजाचाच. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन ह्याने त्या दगडाला लॅटेराइट हे नाव दिले. पण आम्ही त्याच्या भिंती रचून केव्हाचेच आत राहावयास गेलो होतो. गंजाच्या घरात राहणाऱ्याने गाडीच्या गंजाला नावे का ठेवावीत?

दोन वर्षांपूर्वी आईने अकस्मात म्हटले, "ती गाडी एकदा चालू झालेली पाहायची होती रे." आईचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. तिच्या वाक्यातल्या 'होती' ह्या भूतकाळाने मला जे केले ते दहा वर्षांच्या माझ्या संकल्पांनी केले नव्हते. मार्गशीर्ष लागताच मी गाडी सुटी करावयास घेतली.

प्रथम अर्थातच मी पॉलिश पेपर, तारेचा ब्रश आणि रॉकेल ह्या तीन साधनांनी गंजाशी युद्ध मांडले. नवशिक्याला हे काम फार आवडते, कारण पहिल्या तासात वीतभर जागा चकचकीत होते. दुसऱ्या दिवशी मनगट सुजते आणि चिरांतला, खाचांतला, नळ्यांच्या सांध्यांतला गंज जागच्या जागी असतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून तो पत्र्याच्या घडीत शिरला की घडीच उकलतो, आणि खळग्यात बसला की ब्रश त्याच्या डोक्यावरून नुसता फिरून येतो. पण ह्या घासण्यात एक सुख होते. मागच्या मडगार्डावर एके ठिकाणी मी हळूहळू घासत गेलो, तो रंगांची वर्तुळे दिसू लागली. वर काळा, त्याखाली करडा, मग विटकरी, मग पुन्हा काळा, आणि सर्वांत आत म्हैसूरचा तो मूळचा तांबडा. अण्णा दर तीन-चार वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत स्वतः ब्रशाने गाडी रंगवीत. झाडाच्या बुंध्यात पावसाळे मोजता यावेत तशा मला तेथे दिवाळ्या मोजता आल्या.

इतका धीर सर्वच भागांसाठी कोणाला असतो? गावातले मिस्त्री म्हणाले, "भाऊ, अशानं तुमची साठी उलटेल. ब्लास्टिंगला टाका." मग स्टँड, फूटरेस्ट, चेनकव्हर, दिव्याची कडी असे बारीकसारीक सामान दोन गोण्यांत भरून मी मुंबई-गोवा महामार्गालगतच्या एका उघड्या शेडमध्ये घेऊन गेलो. दर विचारला, तो ऐकून मला आनंद झाला. स्वस्ताईचा आनंद हा फार निर्मळ आनंद असतो, कारण त्यात दुसरा कोणताही विचार मिसळलेला नसतो.

शेडमध्ये एक डिझेलवर चालणारा कॉम्प्रेसर धडधडत होता. त्याची हवा वाळूच्या टाकीत शिरे आणि जाड रबरी नळीतून वाळूला ओढून बाहेर काढी. नळीच्या तोंडाशी बोटभर लांबीचे नोझल, आणि ते धरून उभा असलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. त्याच्या तोंडाला ओला टॉवेल गुंडाळलेला होता, डोळ्यांना वेल्डिंगवाल्यांचा चष्मा होता, आणि बाकीचा तो सारा, भुवया धरून, पांढरा होता. त्याने झोत सोडला. चौरस इंचाला ऐंशी-नव्वद पौंडांच्या दाबाने येणारी ती वाळू मला दिसलीच नाही. फक्त लोखंडावरून एक करडी सावली सरकत गेली, आणि ती जेथे जेथे गेली तेथे गंजाच्या जागी राखेच्या रंगाचे, मंद, अगदी कोरे लोखंड उरले. ज्या स्टँडवर मी दोन रविवार घालविले होते, तो चार मिनिटांत संपला. मी लहान मुलासारखा पाहत राहिलो.

त्याने गोणीतून पुढची वस्तू काढली. ते डाव्या बाजूच्या हत्यारपेटीचे झाकण होते. ते गोणीत मीच टाकले होते. घाईत, उलथे, न पाहता. त्या झाकणावर अण्णांनी पांढऱ्या रंगाने 'डॉ.' असे लिहिले होते. टिंब थोडे ओघळलेले. हर्णैच्या बंदरावर मासळीच्या गर्दीत ते अक्षर पाहून कोळणी पाट्या मागे ओढीत. मी ओरडलो. पण कॉम्प्रेसरच्या आवाजात माझे ओरडणे मलाच ऐकू आले नाही, आणि त्या सावलीला एका झाकणावरून सरकावयास लागून लागून किती वेळ लागणार? मुलाने मान वर केली आणि कोरे झाकण माझ्यासमोर धरले. काम छान झाले होते. मी 'छान' म्हटले.

मुलगा चहा प्यावयास बाहेर आला तेव्हा त्याने टॉवेल सोडला आणि खोकला. खोकून झाल्यावर तो हसला. "सवय आहे, साहेब," तो म्हणाला. वाळू कोठली म्हणून विचारले, तर नदीची, चाळलेली. त्या रात्री घरी येऊन मी वाचावयास बसलो, ते खरे म्हणजे झाकणाच्या दुःखातून मन काढावे म्हणून. नदीची वाळू म्हणजे बव्हंशी गारगोटी. ती लोखंडावर आपटली की फुटते, आणि फुटून जी धूळ होते तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत पोचतात. शरीराला ते विरघळविता येत नाहीत. तेथे व्रण पडतात, व्रणांचे घट्टे होतात, आणि ज्या जागेने श्वास घ्यावयाचा ती जागा हळूहळू दगडासारखी होते. ह्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि त्यावर उतारा नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ह्या कामात वाळू वापरण्यास बंदी केली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यानेही हा रोग, डॉक्टरांनी सरकारला कळविलाच पाहिजे अशा रोगांच्या यादीत घातला. म्हणजे अण्णांच्या हाताखालून असा एखादा रोगी गेला असता, तर त्याची वर्दी देणे हे त्यांचे कर्तव्य होते. आणि त्यांच्याच गाडीचा स्टँड मी त्या मुलाकडून, दर कमी म्हणून, साफ करवून आणला होता.

दुसऱ्या दिवशी मी उरलेले सामान त्या शेडमध्ये न्यावयाचे नाही असे ठरविले. ह्यात फारसे औदार्य नव्हते. माझे काम तेथून गेले तरी दुसऱ्यांची फाटके आणि ग्रिले तेथेच राहणार होती. मी चिपळुणातून गाळणीचा चांगला मुखवटा विकत घेतला आणि त्या मुलाला नेऊन दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, घालून पाहिला, आणि खिळ्याला अडकवून ठेवला.

पुण्यास चौकशी केली तेव्हा कळले की वाळू ही ह्या विद्येतली अगदी प्राथमिक, किंबहुना टाकून दिलेली पायरी आहे. जाड लोखंडाला पोलादाचा चुरा अथवा गार्नेट नावाची खडी लावतात. ॲल्युमिनियमला काचेचे मणी, तेही हलक्या दाबाने. आणि फार नाजूक कामाला चक्क खाण्याचा सोडा. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची १९८० नंतरच्या दशकात डागडुजी झाली, तेव्हा आतल्या तांब्यावरचे जुने डांबर खाण्याच्या सोड्याच्या झोताने काढले होते. स्वयंपाकघरातल्या डब्याला हा मान मिळालेला ऐकून आईला फार गंमत वाटली. पातळ पत्र्यावर मात्र जोराचा झोत मारू नये. एका अंगाने सारखा मार बसला की पत्रा फुगतो आणि पुन्हा सरळ होत नाही. म्हणून पेट्रोलची टाकी मी कोणाच्याच हाती दिली नाही. इंजिनावर आणि सांगाड्यावर ठोकलेले नंबर चिकटपट्टीचे तीन-तीन थर देऊन मी स्वतः झाकले. ते पुसट झाले, तर परिवहन कचेरीत ही गाडी आपलीच आहे हे सिद्ध करता करता तिच्याबरोबर मीही जुना झालो असतो.

इंजिनाचे कवच एका बंद काचपेटीत साफ झाले. पेटीला दोन भोके, भोकांत कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. कारागीर बाहेर आणि धूळ आत, अशी सोवळ्याओवळ्याची व्यवस्था. कवच बाहेर आले ते रेशमी चांदीसारखे. पण कारागिराने बजावले, "आता हे धुवा. धुऊन झालं की पुन्हा धुवा." जावासारख्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि ऑइल ह्यांचे मिश्रण कवचातूनच वर जाते, तेव्हा कवचात एखादा कण राहिला, तर तो बेअरिंगांतून आणि पिस्टनच्या कडेने फिरत सगळ्याची माती करतो. काचेचा मणी म्हणजे माळेतला मणी नव्हे. तो पिठाच्या कणीएवढा असतो. मी रॉकेलने, साबणाच्या गरम पाण्याने, हवेच्या फुंकरीने पाच वेळा कवच धुतले, आणि सहाव्या वेळी एका बोल्टच्या भोकाच्या तळातून चिमूटभर पांढरी भुकटी निघाली. तेव्हापासून मी पाचावर विश्वास ठेवीत नाही.

सांगाड्याचे काम निराळ्या ठिकाणी झाले. तेथे एक बंद खोली होती, आणि आतला माणूस चंद्रावर निघाल्यासारखा शिरस्त्राण घालून उभा होता. त्यात बाहेरून नळीने स्वच्छ हवा येत होती. दर महामार्गावरच्या शेडच्या तिप्पट. मी खिडकीच्या काचेतून पाहत होतो. मागच्या बाजूने काळा, करडा, विटकरी अशा त्या साऱ्या दिवाळ्या एकामागून एक उडत पुढे पुढे चालल्या, आणि झोत सांगाड्याच्या मानेपाशी, जेथे हँडलची नळी बसते तेथे, आला. तो थांबला. आतल्या माणसाने मला हाताने खूण केली.

मानेखाली, नळीला वेढून, वेल्डिंगची एक जाड ओबडधोबड वळी होती. कारखान्यातली नव्हे, कोणीतरी घाईघाईने, पण पुष्कळ धातू ओतून, मोडलेले हाड सांधावे तसे सांधलेले होते. नळीही किंचित बाकलेली आणि पुन्हा सरळ केलेली दिसत होती. गाडीची मान मोडावी असा अपघात किरकोळ नसतो. आमच्या घरात ह्या अपघाताची गोष्ट कधीच सांगितली गेली नव्हती. अण्णांनी केवळ हौसेनेच इतक्यांदा गाडी रंगविली, असे मी त्या क्षणापर्यंत समजत होतो.

हे आईला सांगावे की नाही, ह्याचा विचार मी ताम्हिणीच्या घाटात आणि पुढे माणगावपर्यंत केला. सांगाडा उघडा होता. कोऱ्या लोखंडाला आमच्या हवेत एक रात्रही पुरते, म्हणून पुण्यातच त्याच्यावर रेड ऑक्साइडचा हात दिलेला होता. पण त्या हाताखालीही वळी उठून दिसत होती. घरी आल्यावर मी सांगाडा ओटीवर ठेवला आणि तिच्यावर फडके टाकून ठेवले. आई बाहेर आली, फडके तिने उचलले, आणि चष्मा कपाळावर सारून वळीवर बोट ठेवले.

"आसूदबागेचा उतार," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. १९७७ सालचा आषाढ होता. अण्णा रात्री हर्णैहून एका बाळंतिणीला पाहून परत येत होते, आणि रस्त्यावर माडाचा झाप पडला होता. घरी निरोप आला की चिपळूणला एका रोग्यापाशी राहावे लागत आहे. चार दिवसांनी अण्णा आले ते हाताला पट्टी बांधून; म्हणाले, दवाखान्याच्या दारात बोटे सापडली. गाडी पंधरा दिवसांनी नवा काळा रंग लेवून आली.

"मग तुला कळलं कसं?"

"कंपाउंडर दुसऱ्याच दिवशी सांगून गेला होता की."

"आणि तू त्यांना विचारलं नाहीस?"

"तू व्हायचा होतास," आई म्हणाली. "मला धक्का बसू नये म्हणून ते बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणून मीही विचारलं नाही. पुढे मग राहूनच गेलं."

बत्तीस वर्षे राहून गेले. आणि दर तीन-चार वर्षांनी अण्णा त्यावर रंगाचा एक हात देत होते, व ती शेजारी बसून ब्रश धुऊन देत होती.

मिस्त्रींचे मत पडले की जोड घासून सपाट करावा. सांगाडा नव्यासारखा दिसेल. मला नव्यासारखा दिसण्यापेक्षा न मोडण्याची काळजी अधिक होती. मी तो पुन्हा पुण्यास नेला. जोडापुरता रंग काढून तेथे एक लाल पातळ रसायन लावले, थोड्या वेळाने ते पुसले, आणि वर पांढरी भुकटी फवारली. कोठे केसाएवढी जरी भेग असेल, तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर फुटून येतो. पांढऱ्यावर काहीही आले नाही. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी पावसात, एका रात्रीत, कोणा अनामिक लोहाराने केलेले ते काम अजून अभंग होते. तपासणाऱ्याने मात्र सांगितले की हे घासू नका. घासाल तर जी जाडी सांधा धरून आहे तीच जाईल.

परतीच्या वाटेवर मी महामार्गाजवळच्या शेडपाशी थांबलो. एक फूटरेस्ट तेथे राहिला होता. मुलगा कामावर होता, टॉवेल गुंडाळून. मुखवटा त्याच खिळ्याला होता, आणि वाळूच्या धुळीने तोही आता पांढरा झाला होता. त्याने श्वास कोंडतो, घाम येतो, असे मुलगा म्हणाला. मालकाशी मी बोललो. मालक म्हणाला, दर वाढवले तर गिऱ्हाईक येत नाही. ते गिऱ्हाईक मीच होतो, तेव्हा मला पुढे बोलता येईना. फूटरेस्ट घेऊन मी निघालो. अण्णांच्या जागी मी असतो तर काय केले असते, हा प्रश्न सोपा आहे. ते वर्दी देऊन आले असते.

हत्यारपेटीच्या झाकणावर 'डॉ.' काढून देण्यासाठी मी एका रंगाऱ्याला बोलाविले होते. त्याने फार सुबक काढले. टिंब अगदी वाटोळे. मी ते त्याच्यादेखत पुसून टाकले आणि पैसे दिले. झाकण आता साधेच आहे.

सांगाड्याच्या शेवटच्या रंगाच्या आदल्या संध्याकाळी आई पुन्हा ओटीवर आली. पावसाला अजून दोन महिने होते, पण हवेत दमटपणा येऊ लागला होता आणि मला घाई होती. तिने अंदाजाने, न पाहता, मानेखाली हात घातला आणि वळी शोधून काढली.

"रंग लावल्यावर ही हाताला लागेल ना रे?"

"लागेल."

"मग लाव," ती म्हणाली, आणि ब्रश बुडविण्यासाठी नारळाची करवंटी आणावयास आत गेली.